विस्तव आणि शेजार

आपल्या भाषेंत दोन घरांमधील वैराची पराकाष्ठा सांगावयाची असली म्हणजे "त्यांच्यांत विस्तव जात नाहीं" असें म्हणण्याची वहिवाट आहे. काड्यांची पेटी घरोघर पोंचण्यापूर्वीं रात्रीं चुलींतील निखारे राखेखालीं झांकून ठेवावे, आणि सकाळीं ते विझलेले आढळले तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारणीच्या दारीं जावें, असा रिवाज होता. मीठ उसनें आणलें तर तें परत करावें लागे, पीठ आणलें तर त्याचें माप लक्षांत राही; विस्तव मात्र उसनवारीच्या हिशेबांत कोणी धरीत नसे. याचें कारण उघड आहे. एका गोवरीवरून दुसरी पेटविल्यानें देणाराची चूल मंद होत नाहीं. जी वस्तु दिल्यानें आपलें कांहींच उणें होत नाहीं तीही नाकारावी, हें द्वेषाचें शेवटचें टोंक होय. म्हणूनच हा वाक्प्रचार वैराला लागू पडला.

हे शब्द आजही आपण वापरतों. पण त्यांमागील विस्तव पार पालटला आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्या इमारती अलीकडे उभ्या राहिल्या, त्यांतील असंख्य स्वयंपाकघरांत आतां गोवरी नाहीं, रॉकेलचा स्टोव्ह नाहीं, आणि सिलिंडरही नाहीं. भिंतीवरून आलेली एक बारीक नळी, तिच्यावर एक मीटर, आणि शेगडीचा कान पिळला कीं उभी राहणारी निळी ज्योत, एवढाच आजच्या चुलीचा संसार. हा विस्तव जुन्या विस्तवाच्या अगदीं उलट स्वभावाचा आहे. तो दिला म्हणजे देणाराचा तितका कमी होतो. तो मापून विकला जातो. आणि ज्याच्या जमिनींतून अगर समुद्रांतून तो येतो, तो पुष्कळ वेळां त्याचा धनीही नसतो व गिऱ्हाईकही नसतो. अशा विस्तवाच्या बाबतींत शेजारधर्म म्हणजे काय? वाटेवर बसलेल्यास तो अडविण्याचा अधिकार आहे काय? आणि जो शेवटीं त्यावर भात शिजवितो त्याच्या पदरीं कांहीं कर्तव्य येतें, कीं बिल भरलें म्हणजे तो मोकळा झाला? या तीन प्रश्नांचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

नळांतून येणारा गॅस मुंबईस अगदीं नवा नव्हे. १८६५ च्या सुमारास शहरांतील रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळसा तापवून येथेंच तयार करीत. लालबागेंतील एका गल्लीच्या नांवांत ती गॅस कंपनी अजून शिल्लक आहे. उपनगरांतील आजचा गॅस मात्र भूमीच्या पोटांतला आहे. १९७४ सालीं मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर, भर समुद्रांत, 'बॉम्बे हाय' क्षेत्राचा शोध लागला. १९७६ सालीं तेथून तेल निघूं लागलें, आणि पुढें तेलाबरोबर निघणारा गॅस समुद्रतळावरील नळांतून उरणला आणण्यांत आला. १९९५ सालीं 'महानगर गॅस' ही कंपनी निघाली, आणि तिचे नळ हळूहळू वीस लाखांहून अधिक घरांत पोंचले. प्रारंभींचा हा विस्तव म्हणजे घरचाच विस्तव होता. आपला समुद्र, आपली विहीर, आपला नळ; शेजाऱ्याच्या दारीं जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पण गरज वाढली आणि विहीर म्हातारी झाली. २०२३-२४ सालीं देशांत जेवढा नैसर्गिक गॅस वापरला गेला त्यांतील जवळजवळ निम्मा परदेशांतून आला. तो येतो तो द्रवरूपानें. शून्याखालीं १६२ अंशांपर्यंत थंड केला म्हणजे या वायूचें आकारमान सुमारें सहाशेपट घटतें, आणि मग तो जहाजांत भरतां येतो. कतारकडून वर्षाला ७५ लाख टन असा गॅस घेण्याच्या करारानुसार २००४ पासून गुजराथेंत दहेज येथें तो उतरूं लागला. रत्नागिरी जिल्ह्यांतील दाभोळचा धक्का २०१३ सालीं सुरू झाला. घरगुती चुलींसाठीं देशी गॅस आधीं राखून ठेवण्याचें सरकारचें धोरण आहे हें खरें. तरी नळांचें जाळें अखेर एकच असतें. त्याच्या एका टोंकास ओढ बसली कीं दुसरें टोंक हालल्याशिवाय राहत नाहीं.

जहाजाऐवजीं जमिनीवरून नळ आणावा, ही कल्पनाही जुनी आहे. इराणच्या दक्षिण किनाऱ्यापासून बलुचिस्तानांतून पाकिस्तान ओलांडून भारतांत येणाऱ्या वायुवाहिनीचा विचार १९८९ च्या सुमारास पुढें आला. तिला लोक 'शांतीची वाहिनी' असेंही म्हणत. किंमत आणि सुरक्षितता या दोन मुद्द्यांवर बोलणीं रखडलीं, आणि २००८ नंतर भारत त्यांतून बाहेर पडला. दुसरी योजना तुर्कमेनिस्तानची. अफगाणिस्तानांतील हेरात व कंदाहार, तेथून पाकिस्तानांतील क्वेट्टा व मुलतान, आणि शेवटीं पंजाबांतील फाजिल्का, असा सुमारें १,८०० किलोमीटरांचा तिचा मार्ग ठरला. १३ डिसेंबर २०१५ रोजीं तुर्कमेनिस्तानांत समारंभपूर्वक कामाचा आरंभ झाला. तरी त्यानंतर दहा वर्षें लोटलीं, आणि फाजिल्क्यास गॅस पोंचला नाहीं.

या योजनांविरुद्ध जो आक्षेप घेतला जातो तो हलका नाहीं. ज्या शेजाऱ्याशीं आपलीं चार युद्धें झालीं, ज्याच्या भूमींतून निघालेल्या माणसांनीं २६ नोव्हेंबर २००८ रोजीं आपल्याच शहरांत रक्ताचा सडा घातला, त्याच्या हातीं आपल्या चुलीची चावी द्यावयाची काय? संसारी माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हां त्यास भित्रा म्हणून भागणार नाहीं. ज्याच्या घरांत लहान मूल आहे तो विहिरीच्या कठड्याचा विचार करतो. तसाच हा विचार आहे. परंतु या आक्षेपाच्या पोटांत एक गृहीत गोष्ट दडलेली आहे. ती अशी कीं, जमिनीची वाट नाकारली म्हणजे आपण मध्यस्थाच्या तावडींतून सुटलों. ही गोष्ट तपासून पाहिली पाहिजे.

कतारचें प्रत्येक जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनींतून बाहेर पडतें. ती सर्वांत अरुंद ठिकाणीं अवघी तेहतीस-चौतीस किलोमीटर रुंद आहे, आणि तिच्या एका अंगास तोच इराण आहे ज्याचा नळ आपण घेतला नाहीं. २०२४ सालीं जगांतील द्रवरूप गॅसच्या व्यापाराचा सुमारें पांचवा हिस्सा या एका फटींतून गेला. म्हणजे समुद्रानें मध्यस्थ नाहींसा केला नाहीं. तो नजरेआड केला, एवढेंच.

वाटेंत देश नसून केवळ व्यापारी असला तरीही सुटका नाहीं. 'गेल' या आपल्या सरकारी कंपनीनें रशियाच्या 'गाझप्रॉम'शीं वर्षाला सुमारें २५ लाख टन गॅसचा दीर्घ मुदतीचा करार केला होता. तो पुरविण्याचें काम त्या कंपनीच्या जर्मनींतील शाखेकडे होतें. २०२२ सालीं युक्रेनचें युद्ध पेटलें, ती शाखा जर्मन सरकारच्या ताब्यांत गेली, आणि जहाजें येण्याचें थांबलें. करारांत दंडाचें कलम होतें. पुढें तंटा होऊन भरपाईही मिळाली. परंतु त्या वर्षीं युरोपनें वाटेल तो भाव देऊन जगांतील गॅस ओढून घेतला, आणि पाकिस्तानानें गॅससाठीं निविदा मागविल्या तेव्हां एकाही विक्रेत्यानें देकार दिला नाहीं. श्रीमंताच्या घरीं थंडी वाजूं नये म्हणून गरिबाच्या घरीं अंधार झाला. यांत कायदा फारसा कोठें मोडला नाहीं. आणि हीच यांतील विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. भरपाईनें तिजोरी भरते, चूल पेटत नाहीं.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. वाटेवर बसलेल्याचा अधिकार कोणता? आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं झाला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सीमेवरील अंतपालानें मालाच्या गाड्यांकडून वर्तनी, म्हणजे वाटेचा कर, घ्यावा असें सांगितलें आहे. मालगाडीस सव्वा पण हा त्याचा दरही तेथें दिला आहे. परंतु लगेच पुढें असेंही सांगितलें आहे कीं, वाटेंत माल हरवला अगर चोरीस गेला तर अंतपालानें तो भरून द्यावा. या दोन वाक्यांत सर्व न्याय आला. जो वाटेचें मोल घेतो तो वाटेचा जामीनही होतो. कर घेणें हा त्याचा हक्क, आणि माल सुखरूप पुढें जाऊं देणें हें त्या हक्काचें मूल्य. मुलुंड आणि दहिसर येथील जकात नाके ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना हा भेद समजावून सांगण्याचें कारण नाहीं. १ जुलै २०१७ रोजीं मुंबईंतील जकात उठेपर्यंत तेथें ट्रकांच्या रांगा लागत. त्या रांगेंतील ट्रकवाला जकातीबद्दल कुरकुरे; पण कोणी त्याची गाडी मनास येईल तेव्हां परत फिरविली असती, तर त्यास तो जकात न म्हणतां वाटमारी म्हणाला असता.

हेंच तत्त्व १९९४ च्या युरोपीय ऊर्जा सनदेच्या करारांत निराळ्या भाषेंत आलें आहे. वाटेंतील देशाचें कोणाशीं भांडण झालें तरी तें मिटविण्याची ठरलेली रीत पुरी होईपर्यंत त्यानें वाहता प्रवाह तोडूं नये, असें त्यांत कलम आहे. पण जानेवारी २००९ मध्यें काय झालें? किंमत आणि थकबाकी यांवरून रशिया व युक्रेन यांचें भांडण जुंपलें, आणि युक्रेनमधून पुढें जाणारा गॅस जवळजवळ दोन आठवडे बंद पडला. भर हिंवाळ्यांत गारठलीं तीं बल्गेरिया आणि स्लोव्हाकिया येथील घरें. त्यांनीं कोणाचें देणें बुडविलें नव्हतें. राग राजाचा राजावर, आणि विझली ती रयतेची चूल.

याच्या उलट एक नवल याच दोन देशांनीं पुढें दाखविलें. फेब्रुवारी २०२२ मध्यें त्यांच्यांत उघड युद्ध सुरू झालें. शहरें उद्ध्वस्त होत होतीं, माणसें मरत होतीं. आणि तरीही रशियाचा गॅस युक्रेनच्या जमिनीखालून पश्चिमेकडे वाहत होता, व त्याचें भाडें युक्रेनला मिळत होतें. हें सुमारें तीन वर्षें चाललें. कराराची मुदत संपली तेव्हां, १ जानेवारी २०२५ रोजीं, तो प्रवाह थांबला. ज्यांच्यांत रक्ताचें वैर त्यांच्यांतून विस्तव गेला, असें येथें अक्षरशः म्हणतां येतें. हा साधुत्वाचा प्रकार नव्हता. दोघांनाही पैसा हवा होता, आणि वाहिनीच्या पलीकडच्या टोंकास असलेल्या तिसऱ्याचा विश्वास दोघांनाही गमवावयाचा नव्हता. परंतु नीतीचा इतिहास पाहिला तर पुष्कळ सद्गुण प्रथम स्वार्थाच्याच ओसरीवर वाढले आहेत, आणि मग घरांत आले आहेत. वाट चालू ठेवण्याची संवय हाही तसाच एक सद्गुण आहे.

परंतु दुसऱ्याच्या हातांतील चावीबद्दल न्याय सांगणें सोपें. तत्त्वाची खरी कसोटी चावी आपल्या हातीं असते तेव्हां लागते. १९६० च्या सिंधु-जलकरारांत वरच्या अंगास आपण आहों. १९६५, १९७१ आणि १९९९ या तिन्ही प्रसंगीं तोफा धडाडत असतां तो करार टिकला. एप्रिल २०२५ मध्यें पहलगाम येथें निरपराध प्रवाशांची हत्या झाली, त्यांत आपल्या डोंबिवलीचीही माणसें होतीं. आणि त्यानंतर भारतानें तो करार स्थगित केल्याचें जाहीर केलें. जखम ताजी असतां शांतपणें तराजू धरणें कठीण आहे, आणि राज्यास आपल्या प्रजेच्या रक्षणार्थ कठोर व्हावें लागतें, हेंही खोटें नाहीं. तरीसुद्धां विचार करणाऱ्या माणसानें स्वतःशीं एवढें विचारावें कीं, बल्गेरियांतील चुलीला जो न्याय आपण लावला तो खालच्या अंगाच्या शेतकऱ्यास लावतांना आपला हात कां अडखळतो? अपराध्यास शिक्षा करणें वेगळें, आणि अपराध्याच्या गांवांत राहतो म्हणून प्रत्येकास तहानलेला ठेवणें वेगळें. या दोहोंतील रेघ कोठें ओढावी याबद्दल प्रामाणिक मतभेद होऊं शकेल. पण अशी रेघच नाहीं असें म्हणणारास उद्यां कोणी आपला नळ तोडला तर तक्रार करावयास तोंड राहणार नाहीं.

हा न्याय राष्ट्रांपुरताच आहे असें समजून आपण सुटूं नये. उपनगरवासीयांस रोज सकाळीं जें पाणी येतें तें तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतून, शहापूर तालुक्याच्या डोंगरांतून येतें. त्या भल्यामोठ्या नळांच्या आसपासच्या कित्येक पाड्यांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. तेथील बाई वाटेवर बसलेली आहे. पण तिच्या हातांत ना चावी, ना वर्तनी. तिला नळ तोडण्याचें सामर्थ्य नाहीं, म्हणून तिच्याबद्दल 'पुरवठ्याची सुरक्षितता' या मथळ्याखालीं कोणी लिहीत नाहीं. जो आपणांस अडवूं शकतो त्याच्याशींच न्यायानें वागावें, आणि जो अडवूं शकत नाहीं त्यास विसरावें, अशी आपली रीत असेल, तर आपण ज्याला न्याय म्हणतों तो भीतीचाच एक सभ्य पोशाख ठरेल.

याच दृष्टीनें नोव्हेंबर २०२५ मधील मुंबईची एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या महिन्याच्या मध्यास चेंबूरजवळ आर. सी. एफ. खतकारखान्याच्या आवारांत गॅस आणणाऱ्या मुख्य वाहिनीस इजा झाली, आणि वडाळ्याच्या केंद्राकडे जाणारा पुरवठा खुंटला. ना परका देश, ना सामुद्रधुनी; इजा झाली ती आपल्याच शहरांत. घरगुती चुलींचा पुरवठा आधीं राखावयाचा असें धोरण होतें, व तें योग्यच होतें. गॅस आटला तो सी. एन. जी. च्या पंपांवर. दोन दिवस पंपांपुढें रिक्षा आणि टॅक्सी यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. पुष्कळांना धंदाच करतां आला नाहीं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील ज्योत स्थिर राहिली, ती रांगेंत उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या दोन दिवसांच्या कमाईच्या आधारावर. त्याच्या आदल्याच वर्षीं, ऑक्टोबर २०२४ मध्यें, स्वस्त देशी गॅस कमी पडूं लागला तेव्हांही कात्री लागली ती वाहनांच्या वांट्यास. घरांचा वांटा राखला गेला.

यांत कोणी अन्याय केला असें म्हणावयाचें नाहीं. चुलीपुढें चाक मागें ठेवणें हा क्रम बहुतेक विचारी माणसें मान्य करतील. परंतु क्रम योग्य असला म्हणून ऋण फिटत नाहीं. घरांतील पोळ्या वेळेवर झाल्या आणि आपण चरफडत म्हणालों कीं "आज एक रिक्षा मिळेल तर शपथ", तेव्हां त्या रिक्षावाल्यानें आपणांस कांहीं दिलें आहे हें आपल्या ध्यानांतही आलें नाहीं. त्याला कोणी विचारलें नव्हतें. तें त्याच्याकडून घेतलें गेलें. ज्या समाजांत टंचाईचा पहिला घाव नेहमीं एकाच वर्गावर पडतो, आणि शेवटपर्यंत सुरक्षित राहण्याचा मान नेहमीं दुसऱ्याच वर्गास मिळतो, त्या समाजाची सुरक्षितता ही खरी सुरक्षितता नव्हे; ती केवळ रांगेंतील जागा आहे.

मग करावें तरी काय? कांहीं जण म्हणतील, संपूर्ण स्वावलंबन. घरच्या विहिरी शोधाव्या, शेण व ओला कचरा यांपासून गॅस करावा, विजेच्या शेगड्या वापराव्या. हें सर्व करावें. जितकें होईल तितकें करावें. पण स्वावलंबनास अंतिम ध्येय मानण्यांत एक धोका आहे. ज्याला कोणाचीच गरज उरली नाहीं त्याला कोणाची कींवही उरत नाहीं, असा अनुभव आहे. ज्या आळींत प्रत्येकाच्या खिशांत काड्यांची पेटी आली त्या आळींतील वैरें कमी झालीं असें कोणी म्हणणार नाहीं. विस्तव मागावयास जाण्याचें निमित्त मात्र गेलें.

दुसरा मार्ग अनेक वाटांचा आणि सांठ्याचा. एक दार बंद झालें तर दुसरें उघडें असावें. वाईट दिवसांसाठीं कोठारांत कांहीं शिल्लक असावी. आपण कच्च्या तेलाचे सांठे विशाखापट्टण, मंगळूर आणि पादूर येथें जमिनीच्या पोटांत केले; गॅसचे तसे करणें महाग आहे, आणि त्याचा भार शेवटीं बिलावरच येईल. येथेंच तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर सुरू होतें. बिल भरलें म्हणजे आपण सुटलों असें म्हणणाऱ्यास हें चार पैसे जड वाटतील. ज्यास ही ज्योत किती हातांतून आपल्यापर्यंत येते याची जाणीव आहे, तो ते रांगेंत प्रथम उभ्या राहणाऱ्या माणसाच्या वतीनें भरलेले पैसे समजून देईल. टंचाईच्या दिवशीं आपणहून शेगडीची एक ज्योत कमी जाळणें, रिक्षावाल्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई व्हावी असा आग्रह धरणें, शहापूरच्या पाड्यास त्याच्याच शेजारून जाणाऱ्या नळांतून तोटी मिळावी म्हणून बोलणें, हीं कामें परराष्ट्रमंत्र्यांचीं नव्हेत. तीं सोसायटीच्या सभेंत, वर्तमानपत्रास लिहिलेल्या पत्रांत आणि मत देतांना करावयाचीं आहेत.

परावलंबन ही लाज नव्हे. मनुष्य जन्मतो तोच परावलंबी, आणि मरतोही चौघांच्या खांद्यावर. लाज आहे ती विसरण्याची. जुन्या काळीं शेजारणीच्या दारांत गोवरी घेऊन उभी राहिलेली बाई आपण कोणाच्या निखाऱ्यावर आज स्वयंपाक करणार हें जाणून असे, आणि त्या जाणिवेमुळें दुसऱ्या दिवशीं तिच्या दारीं आलेल्यास ती विन्मुख पाठवीत नसे. आजचा निखारा फार लांबून येतो, आणि त्याच्या वाटेवरील चेहरे आपणांस दिसत नाहींत. ते दिसत नाहींत म्हणून नाहींत असें मानावयाचें, कीं प्रयत्नानें त्यांची ओळख करून घ्यावयाची, एवढाच निर्णय आपल्या हातीं आहे. तो नळ टाकणाऱ्या कंपनीवर अगर करार करणाऱ्या सरकारवर सोंपवितां येत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो.